फादर स्टीफन्स यांच्या घरची माणसं

फळा_खडू

नमस्कार मंडळी,

मी आठवीला मराठी शिकवते. मराठी भाषा दिन जवळ आला की दरवर्षी फळ्यावर ही ओवी लिहिते, यंदाही लिहिली:

जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी
कि परिमळांमाजि कस्तुरी
तैसी भासांमाजि साजिरी
मराठिया

हे लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज होते, असं सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, मग त्यांचे आईबाबा कुठे होते?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं क्रिस्तपुराण, म्हणजे ओव्यांत सांगितलेली बायबलची कथा, १६१६ ला गोव्यात रायतूरला छापलेली, जवळपास अकरा हजार ओव्या, एवढं तोंडपाठ. पण हा माणूस कोणाच्या घरचा, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं. मग महिनाभर हाताला लागेल ते वाचत बसले. जमलं ते इथे मांडते. चुकलं असेल तिथे दुरुस्त करा, आणि भर घाला.

गाव बुशटन. इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यात, क्लिफ पायपर्ड नावाच्या पॅरिशमधलं. वडील व्यापारी, त्यांचंही नाव थॉमस स्टीफन्सच. आई जेन. रिचर्ड नावाचा एक भाऊ. आपल्या फादरांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा. विंचेस्टरच्या नावाजलेल्या शाळेत शिक्षण झालं. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर, पोराला शिकवायची ऐपत असलेलं.

गोव्यात पोर्तुगिजांनी त्यांचं नाव 'इस्तेव्हांव' केलं, आणि गावावरून 'बुस्तेन'ही म्हणू लागले. आपल्याकडे माणूस गावावरून सावंतवाडकर, चिपळूणकर होतो, तसा हा बुशटनकर झाला. घर सुटलं, पण गावाचं नाव शेवटपर्यंत अंगावर राहिलं.

घर सुटलं ते धर्मापायी. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात कॅथलिक मिसेला, म्हणजे त्यांच्या उपासनाविधीला, बंदी होती. स्टीफन्सचा एक जिवलग मित्र होता, थॉमस पाउंड. श्रीमंत, दरबारात ऊठबस असलेला. दोघांनी रोमला जाऊन जेजुइट, म्हणजे येशूसंघाचे पाद्री, व्हायचं ठरवलं. पाउंडचा नोकर असल्याचं सोंग घेऊन स्टीफन्स सुमारे दोन वर्षं त्याच्याबरोबर हिंडला. निघायच्या वेळी पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटाच रोमला पोचला आणि १५७५ च्या ऑक्टोबरात तिथल्या सांत आंद्रेआच्या मठात दाखल झाला. तिथे त्याने हिंदुस्थान मागून घेतला.

४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून जहाज सुटलं, २४ ऑक्टोबरला गोव्याला लागलं. साडेसहा महिने. पोचल्यावर सतराव्या दिवशी, १० नोव्हेंबरला, त्याने वडिलांना पत्र लिहिलं. ते घरी पोचलं असणार, कारण दहा वर्षांनी, १५८९ मध्ये, हॅक्लुट नावाच्या संग्राहकाने ते लंडनला छापलं. त्या पत्रामुळे मला माझ्या विद्यार्थिनीचं थोडंफार उत्तर मिळालं.

मुलगा बापाला लिहितो तसंच आहे ते. निघताना कर्णे वाजले, तोफा उडाल्या. बरोबर मुलंही बरीच होती आणि समुद्र त्यांना मोठ्यांपेक्षा बरा सोसला. मादेरापाशी एका इंग्लिश जहाजाने यांच्यावर गोळे टाकले, यांनी मोठ्या तोफा बाहेर काढताच ते निघून गेलं. एवढं देखणं आपल्या देशाचं जहाज असल्या कामाला लागलेलं पाहून वाईट वाटलं, असंही त्यात आहे. हिरड्या सुजण्याच्या, पाय सुजण्याच्या रोगाने जहाजावर दीडशेवर माणसं आजारी पडली, २७ गेली. इतर खेपांच्या मानाने ही हानी लोकांना फारशी वाटली नाही, हेही तो सरळ सांगतो.

आणि शेवटाकडे झाडांबद्दल. इथल्या झाडांबद्दल लिहायचं तर एवढंच लांब दुसरं पत्र लागेल, म्हणतो. द्राक्षाची वेल सोडली तर युरोपात पाहिलेलं एकही झाड मला इथे अजून दिसलेलं नाही.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं. १५७९ मध्ये ज्याला इथलं एकही झाड ओळखीचं नव्हतं, त्याने १६१६ मध्ये भाषेची थोरवी सांगायला इथलीच फुलं आणि झाडं घेतली. मोगरी, कस्तुरी, मोर, कल्पतरू. मधल्या ३७ वर्षांतली बहुतेक तो गोव्याच्या साष्टी भागात होता. फादर स्टीफन्स यांचं चरित्र मला या दोन टोकांच्या मधे दिसतं. तुम्हाला काय वाटतं?

शब्दवेल्हाळ

बाई, वाचनखूण साठवली. फार मनापासून लिहिलंय.

पाउंडबद्दल थोडी भर. त्याची एक गोष्ट सांगतात. नाताळच्या सणात राणीसमोर नाच चालला होता. पाउंडने अवघड गिरकी घेतली, राणी खूश झाली, पुन्हा कर म्हणाली. दुसऱ्या वेळी तो आपटला. राणीने पायाने ढोसून "उठा, बैलोबा" अशा अर्थाचं काही म्हटलं आणि दरबार हसला. तो तिथून उठला, घरी गेला आणि पुन्हा दरबारात फिरकला नाही. गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या रंगत आली असणार, पण पुढचं नोंदलेलं आहे: या माणसाची तीसेक वर्षं निरनिराळ्या तुरुंगांत गेली.

मला भिडतं ते वेगळंच. स्टीफन्स एकटा रोमला पोचला तरी त्याने मित्राला टाकलं नाही. पाउंडला तुरुंगात असतानाच जेजुइट संघात घ्यावं म्हणून त्याने मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज केला. तो मान्य झाल्याचं पत्र १५७८ च्या डिसेंबरचं आहे. चार महिन्यांनी हा लिस्बनला जहाजावर चढला. जायच्या आधी मित्राचं काम करून गेला.

दूरगाव

मी गेली नऊ वर्षं स्विंडनला राहतो. बुशटन इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे आणि मला पत्ता नव्हता! धागा वाचला आणि रविवारी बायकोला घेऊन गेलो.

क्लिफ पायपर्डचं सेंट पीटर्स चर्च टेकडीच्या अगदी कुशीत आहे, वर दाट झाडी. चर्चच्या आवारात निकोलाउस पेव्हस्नर या वास्तुकलेच्या मोठ्या अभ्यासकाची कबर आहे, लोक बहुतेक तीच बघायला येतात. बुशटन त्याच्या उत्तरेला, खालच्या सपाटीवर. वस्ती बेताची. गाईंची कुरणं, कुंपणांच्या झुडपांच्या रांगा, ओला वारा. दक्षिणेकडे मान वळवली की ती टेकडी आडवी पसरलेली. आणि बाई, तुमच्या नावाला साजेशी गोष्ट: ती टेकडी खडूची आहे. अक्षरशः खडूची. नांगरलेल्या शेतात पांढरे खडे वर आलेले दिसतात.

एका शेताच्या फाटकापाशी उभं राहून मी ती मोगरीची ओवी मोठ्याने म्हटली. बायको ठाण्याची, तिलाही पाठ होती. आम्ही दोघांनी मिळून म्हटली.

फळा_खडू

दूरगाव, काय लिहू! उद्या वर्गात तुमचा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

कुंकळ्ळकार

ताई, लेख आवडला. पण साष्टीतली ती ३७ वर्षं तुम्ही एका ओळीत ओलांडलीत. आम्हाला तसं करता येत नाही.

स्टीफन्स आले त्याच्या बारा वर्षं आधी, १५६७ मध्ये, साष्टीतली देवळं पाडली गेली. आमची शांतादुर्गा तेव्हापासून फातर्प्याला आहे. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेजुइटांना मारलं. त्यातले रुदोल्फ आक्वाव्हिवा तर नुकतेच अकबराच्या दरबारातून परतलेले. ते पाच जण चर्चच्या पुस्तकांत हुतात्मे आहेत. पण त्यानंतर आमच्या गावकरांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारलं. बोलावलेल्या सोळांपैकी एकच जण नदीत उडी टाकून वाचला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

आजही शिगम्यात देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते. बारा वांगडांच्या (कुळांच्या) बारा छत्र्या नाचवत, गुलाल उधळत तिला मूळ जागी आणतात आणि परत नेतात. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून बघितलंय, आता माझा मुलगा माझ्या खांद्यावरून बघतो. छत्री डोक्यावरून जाते तेव्हा तिच्या झालरीचा वारा तोंडाला लागतो.

मला त्या ओव्या आवडतात. खरंच आवडतात. पण ज्या घरांत ही मोगरीची ओवी पोचली त्याच घरांतून जुन्या पोथ्या काढून घेतल्या होत्या. हे पण मुलांना सांगा.

फळा_खडू

दादा, सांगायलाच हवं होतं. चूक माझी.

तुम्ही म्हणता त्याचा पुरावा खुद्द पुराणात आहे. त्याची चौकटच मुळी अशी: साष्टीत ख्रिस्ती शिकवण चालू आहे, आणि नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्यांना म्हणतो की आमची पहिली पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला दुसरं काही द्या. सगळं पुराण त्या मागणीला दिलेलं उत्तर आहे. म्हणजे काढून घेतल्याची जाणीव लिहिणाऱ्याला होती, आणि ती त्याने लपवली नाही.

आणि कुंकळ्ळीच्या बातमीशी त्यांच्या घराचाही संबंध आहे. भाऊ रिचर्ड तेव्हा पॅरिसला होता. त्याला २४ ऑक्टोबर १५८३ चं एक लॅटिन पत्र आहे, त्यात आपल्या त्या पाच सहकाऱ्यांच्या मृत्यूची हकिकत आहे. तुमच्या गावकरांची बाजू त्यात शोधायला गेलं तर मिळत नाही. त्याच पत्रात पुढे इथल्या भाषांबद्दल लिहिलंय: उच्चार कानाला गोड, आणि घडण ग्रीक-लॅटिनच्या जवळची. विल्यम जोन्स या इंग्रज अभ्यासकाने संस्कृतबद्दल असं म्हटलं ते १७८६ ला. याने दोनशे वर्षं आधी भावाला सहज कळवून टाकलं. एकाच कागदावर एवढा रक्तपात आणि भाषेची एवढी गोडी. हे दोन्ही मला वेगळं करता येत नाही.

कुंकळ्ळकार

देव बरें करूं, ताई. तुमच्या वर्गाला छत्र्यांचे फोटो हवे असतील तर पाठवतो.

वाटसरू

त्याच सालची, १५८३ ची, आणखी एक हकिकत. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी या चार इंग्रजांना होर्मुझला पकडून गोव्यात आणलं आणि कैदेत टाकलं. हेर म्हणून संशय. तेव्हा त्यांच्यासाठी खटपट केली ती स्टीफन्सनी, आणखी एका पाद्र्याला बरोबर घेऊन. फिचने परत गेल्यावर तसं लिहून ठेवलंय. जामीन मिळाला. स्टोरी चित्रकार होता, तो जेजुइटांकडे चर्च रंगवायला राहिला. बाकीचे तिघे १५८४ मध्ये गोव्यातून निसटले. लीड्स अकबराकडे जवाहिऱ्या म्हणून राहिला, फिच ब्रह्मदेशातल्या पेगूपर्यंत जाऊन १५९१ ला घरी पोचला.

ते चौघे प्रोटेस्टंट राणीची प्रजा, हा त्याच राणीच्या राज्यातून परागंदा झालेला. तरी जामिनासाठी धावला. मी स्वतः पंधरा वर्षं आखातात काढली. परमुलखात कोणी आपल्या बोलीत अडचण सांगितली की आधी पाय उचलले जातात, पक्ष नंतर आठवतो.

खिळेजुळारी

तरुणपणी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवले आहेत, म्हणून माझ्या धंद्यातलं सांगतो.

क्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. गोव्यात छापखाना १५५६ लाच आला होता, पण नागरी खिळे नव्हते. ते व्हावेत म्हणून स्टीफन्सनी १६०८ साली रोमला मुख्याधिकाऱ्यांना लिहिलं. कित्येक वर्षांची इच्छा आहे की मलबारात झालं तसं इथेही लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या अक्षरांत पुस्तक छापावं. एक मोठी अडचण: युरोपात चोवीस साच्यांत काम भागतं, इथे सहाशे लागतात.

सहाशे हा आकडा वाचून मला माझी केस, म्हणजे खिळे ठेवायची खणांची पेटी, आठवली. वरची केस, खालची केस, जोडाक्षरांचे खण वेगळे. रफार, उकार, रुकार सुटे लावायचे तर वरखाली केसाएवढी फट राहिली तरी ओळ हलते. क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्ध, द्य, ह्म, प्रत्येकाचा वेगळा खिळा. ज्याने स्वतः बसून अक्षरं मोजली नाहीत त्याला सहाशे हा आकडा सुचणार नाही. तमिळ अक्षरांत १५७८ लाच कोल्लमला पुस्तक निघालं होतं, त्याचीच हळहळ या पत्रात आहे.

साचे काही झाले नाहीत. मग 'केले' मधला क एका रोमन अक्षराने आणि 'लोकांसि' मधला क दुसऱ्याने, श साठी एक्स, अशी पोर्तुगीज वळणाची मराठी छापली गेली. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, आणि तिन्हींची एकही छापील प्रत आज हाती नाही. नागरीतली हस्तलिखित प्रत लंडनला मार्सडेन संग्रहात आहे. म्हणजे ज्या अक्षरांसाठी ते तळमळले, त्या अक्षरांत कोणीतरी हाताने लिहून काढलंच.

रेघोटी

एक शंका. गोव्यातले मित्र म्हणतात स्टीफन्स कोकणीचे, आपण म्हणतो मराठीचे. नक्की काय?

शब्दवेल्हाळ

दोन्हीचे, आणि यात भांडण्यासारखं काही नाही. कोकणीत त्यांची ख्रिस्ती शिकवणीची प्रश्नोत्तरी आहे, १६२२ ची, आणि व्याकरण आहे, १६४० चं. दोन्ही मृत्यूनंतर रायतूरलाच छापली. पुराण मात्र मराठीत, आणि का ते त्यांनी प्रस्तावनेत सांगून टाकलंय: या देशींच्या भाषांत परमेश्वराच्या गोष्टी सांगायला ही भाषा योग्य वाटली, पण शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून मागच्या कवीश्वरांचे अवघड शब्द सोडले आणि ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द ठायी ठायी मिसळले.

'मागच्या कवीश्वरांचे' म्हणजे त्यांनी ते वाचले होते. ओवीची चाल कानात बसल्याशिवाय अकरा हजार ओव्या होत नाहीत. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटलं, तेही त्या वाचनातूनच.

पडवी

आम्ही मूळचे गोव्याचे, चार-पाच पिढ्यांपासून मंगळूरचे. मराठी माझी शाळेतली भाषा नाही, नवऱ्यामुळे शिकले, चुका सांभाळून घ्या.

गोव्याहून मंगळूरकडे आलेल्या घरांनी हे पुराण रोमन अक्षरांत लिहून आणलं होतं. अशाच हस्तलिखितांवरून सालदान्हा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं. आमच्याकडे पोथी नव्हती, पण माझी आजी उपासकाळात संध्याकाळी पडवीत बसून त्यातल्या ओव्या म्हणायची. तांदूळ निवडताना म्हणायची. सुपात हात फिरायचा त्या चालीवर. अर्थ तिला सगळा लागत नव्हता, विचारलं की म्हणायची, "पाद्र्याचें उतर, तें तशेंच म्हणचें." (पाद्र्याचा शब्द, तो तसाच म्हणायचा.) त्यातली मला एवढीच येते:

वो नमो विश्वभरिता
देवा बापा सर्वसमर्था
परमेश्वरा सत्यवंता
स्वर्गपृथ्वीचेया रचणारा

ही पुराणाची पहिलीच ओवी, हे मला आज हा धागा वाचताना कळलं.

फळा_खडू

पडवी, तुमच्या मराठीत काही चूक नाही. 'देवा बापा' वाचून थांबले जरा.

आज वर्गात धागा वाचून दाखवला. कुंकळ्ळीचं सगळं सांगितलं, छत्र्यांसकट. तास संपला तरी मुलं उठली नाहीत. त्या मुलीला वडिलांच्या पत्राचं सांगितलं तर तिचा पुढचा प्रश्न तयार, "ते परत कधी घरी गेले?" नाही गेले. १६१९ मध्ये इथेच वारले, वय सत्तरीच्या आसपास. चाळीस वर्षं झाली होती येऊन. त्यावर ती म्हणाली, "मग त्यांची आई?" घरच्यांना लिहिलेल्या, हाती आलेल्या दोन पत्रांपैकी एक बापाला आहे आणि एक भावाला. हेच तिला सांगितलं.

पुढच्या तासाला मी त्यांना घरच्या कोणाला तरी पत्र लिहायला देणार आहे. नव्या जागी पोचल्यावर सतराव्या दिवशी लिहिलेलं.

दूरगाव

बाई, गणपतीत येतोय ठाण्याला. त्या दिवशी फाटकापाशी मातीत पडलेला खडूचा एक तुकडा खिशात टाकून आणलाय, लिंबाएवढा आहे. घरी पाटीवर ओढून पाहिला, थोडा खरखरतो पण छान उमटतो. शाळेचा पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, आणून देतो.